पालाबाहेरचे बूट

विश्रामबागेतून सकाळी निघाले तेव्हा पिशवीत सुटे पट्टे, मऊ मोजे आणि डबा होता. डोक्यात मात्र फक्त तान्ह्या बिरूचं डावं पाऊल. जन्मापासून आत वळलेलं ते पाऊल आमच्या संस्थेने दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ आणलं होतं. आता मध्ये आडवी पट्टी जोडलेले बूट त्याला रात्रंदिवस घालायचे होते. ते सुटले तर पाऊल पुन्हा वळतं. आणि आटपाडीचं हे मेंढपाळ कुटुंब तपासणी चुकवून मेंढरांमागे निघून गेलं होतं. फोन बंद. लोणंदकडे दिसले, एवढंच कळलं होतं.

साताऱ्याला गाडी बदलली. सालप्याच्या घाटात ती तापून थांबली आणि सगळे खाली उतरले. समोर पिवळे, उघडे डोंगर. मी प्रत्येक उतारावर मेंढरंच शोधत होते. आमच्या गावात असंच पाऊल घेऊन म्हातारा झालेला एक माणूस दारोदार मागून खायचा. ते नशीब नव्हतं, वेळेवर उपचार मिळाले नव्हते, हे मला कॉलेजात कळलं. आमच्या घरात तिथवर पोचलेली मी पहिलीच.

लोणंदला चहाच्या गाडीवर विचारलं.

"आटपाडीची मेंढरं?" चहावाला कप विसळत म्हणाला. "आवं, कांदा निघालेली रानं बघत जावा. खतासाठी बसवून घेत्यात. जिथं लेंड्या, तिथनं म्होरं चाला."

पहिलं वाडं (कळप) भलत्याचंच निघालं. दुसऱ्या रानात कुत्र्याने माझी ओढणीच धरली.

"भिऊ नगा, चावत न्हाई. नुसतं धरतंय!" हसत धावत आली ती बिरूची आई, वैशाली.

"बिरू कुठाय?"

"पालात (तंबूत) निजलाय."

"बूट घालतेस ना?"

"व्हय तर! रोज घालते, ताई."

पालाच्या तोंडाशी वाकून चपला काढल्या आणि हात थांबला. वहाणांच्या रांगेत, पुसून नीट ठेवलेले, बिरूचे बूट होते.

"हे इथे?"

"मग? आत चूल हाय, देवाची पेटी हाय. पायताण (पादत्राण) आत कसं न्यायचं? भाईर निघालो की लगेच घालते."

म्हणजे रात्रभर पाऊल मोकळं! आत जाऊन मी ते हळूच वर दाबलं. पूर्वी सहज येणारं पाऊल अडत होतं. थोडंच, पण अडत होतं.

"वळलं का गं, ताई?" वैशालीचा आवाज बारीक झाला.

"वळायला लागलंय. आता झोपेतही बूट हवेत."

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. दाजीबा दारात काठी धरून बसले होते.

"देवाम्होरं पायताण न्हाई," ते म्हणाले.

मी सांध्यांबद्दल, स्नायूंबद्दल सांगत राहिले. ते ऐकत होते, मानत नव्हते. इतक्यात वैशालीने बूट उचलले आणि तळ वर करून त्यांच्यापुढे धरले.

"आवं मामा, बघा की. ह्ये भुईला कवा टेकल्यात का? पोरगं अजून उभंबी ऱ्हात न्हाई. माती लागली न्हाई, त्ये पायताण कसं?"

दाजीबांनी बुटाच्या तळावर बोट फिरवलं. बोट निरखलं.

"आन चालाय लागल्यावर?"

"चालायचे वेगळे," मी घाईने म्हणाले. "तेव्हा हे फक्त झोपताना. हे जमिनीला टेकणारच नाहीत."

त्यांनी दारातली काठी बाजूला घेतली. मग म्हणाले, "आण आत."

बूट चढताच बिरूने पाल डोक्यावर घेतलं. मला भाकरी, खर्डा आणि मेंढीच्या दुधाचा चहा मिळाला. उद्या वाडं हलणार होतं. संस्थेच्या साताऱ्यातल्या पुढच्या तपासणीला आणतो, असं दाजीबा म्हणाले खरे.

परतीच्या गाडीत तेच मनात. रडणं ऐकून रात्री कुणी पट्टा सोडला तर? बूट कसे बांधायचे हे मी कितीदा शिकवलं होतं. ते काढतात कुठे, हे विचारलं नव्हतं. आमच्याही घरी चपला उंबऱ्याबाहेरच असतात.

विश्रामबागेत खोलीचं कुलूप काढताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे बिरूचा टाहो.

"ताई, आतच हाय. बुटासकट. लय रडतोय."

"आणि मामा?"

"मांडीवर घिऊन बसल्यात. म्हंत्यात, रड गड्या, पर काढायचं न्हाई."

अडलेलं पाऊल पुन्हा किती मोकळं होतं ते तपासणीतच कळणार होतं. फोन कानाला लावून मी दारातच उभी राहिले, ते रडणं ऐकत.