प्रभुलिंग मास्तरांची काटेरी तार

गडहिंग्लजच्या हायस्कुलात प्रभुलिंग मास्तर वीस वर्षं भूगोल शिकवत होते. बर्फ त्यांनी पाहिला तो फक्त उसाच्या रसातला; पण उत्तर ध्रुवाकडचा धडा आला, की मास्तरांच्या अंगात यायचं. तिकडचे सामी लोक रेनडिअरचे कळप घेऊन डोंगरातून किनाऱ्यावर उतरायचे. तिथं मागाहून येऊन वसलेली शेतकरी कुटुंबं असायची. गवत तुडवलं म्हणून भांडणं व्हायची, तरी एकेका घराशी पिढीजात घरोबा असे. सामी मांस-कातडी द्यायचे, किनाऱ्यावरची माणसं मासे आणि निवारा. हे सांगताना मास्तर तास संपल्याची घंटाही विसरायचे.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मास्तरांच्या वडिलांच्या काळापासून पिराजी धनगर दरसाल मेंढरं घेऊन त्यांच्या मोकळ्या रानात बसायला यायचा. रानाला लेंडीखत मिळायचं, पिराजीला जोंधळा आणि मास्तरांच्या बायकोच्या, शांतव्वाच्या हातची पोळी. शहाण्णव साली त्याच्या चार कोकरांनी मास्तरांच्याच शेजारच्या तुकड्यातले उसाचे कोंब खाल्ले. मास्तर मुळात तिरसट. पिराजीला हाकललं आणि रानाला काटेरी तार ठोकली. दोन वर्षं पिराजी लांबच्या वाटेनं गेला. मास्तरांना त्याची आठवण यायची, पण मान खाली कोण घालणार?

एका संध्याकाळी मास्तर तोच धडा मोठ्यानं वाचत होते. शांतव्वा भाकरी थापत होती.

"त्या रेनडिअरवाल्यांचं लई कौतुक की हो," ती म्हणाली. "आपला मेंढरंवाला मातूर तारंच्या भाईर."

त्या दिवशी मास्तरांना भाकरी गोड लागली नाही. सकाळी ते पलीकडच्या माळावर पडलेल्या पिराजीच्या तळावर गेले. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी सामी लोकांपासून सुरुवात केली. पिराजीनं सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, तिकडच्या शेतकऱ्यानं तार ठोकली तर फुडं काय करत्यात?"

पुस्तकात ते नव्हतं.

"चुकलं माझं, पिराजीमामा."

"मग काडा की तार. मी बघाय येतो."

दुपारी तो खरंच आला आणि बांधावर घोंगडं टाकून बसला. मास्तर पकडीनं खिळे उपसत होते. तिसऱ्या खांबाला बोट फाटलं, तसा पिराजी उठला.

"सरका. नुस्ता भूगोल शिकिवलाय, पकड कवा धरलीय तुमी?"

त्यानं पकड घेतली. मास्तरांना रडू आवरेना. डोळे पुसून त्यांनी वर पाहिलं, तर उसापलीकडच्या वाटेवर पिराजीची सगळी मेंढरं उभी होती. तो निघतानाच ती घेऊन आला होता.