चिकलठाण्याचं सेकंडहँड मेल्टिंग पॉइंट मशीन

लॅबमध्ये नवीन मशीन आलं की सोबत वॉरंटी येते. जुनं आलं की किस्से सुरू होतात, आणि ते साठतच जातात! आमच्या चिकलठाण्याच्या छोट्या लॅबमधले निम्मे किस्से एकाच मशीनचे आहेत. पावडर किती तापमानाला वितळते, ते दाखवणारं हे मशीन आम्ही सेकंडहँड घेतलं.

*

आमचे इन्चार्ज जाधव सर मला घेऊन ते बघायला गेले, तेच मुळी खिशात पांढऱ्या पावडरची पुडी घेऊन. पुडी उघडताच दुकानदाराने घाबरून शटर अर्धं खाली ओढलं!

सरांनी शांतपणे काचेच्या बारीक नळीत पावडर भरून ती मशीनमध्ये लावली. बेंझोइक अ‍ॅसिड, एकशे बावीस अंशांना वितळणारं. डबा चेपलेला, रंग उडालेला, पण भिंगातून पाहिलं तर एकशे बावीसलाच पावडरचं पाणी झालं. मी तर थक्क झालो.

आमच्या लॅबचे मालक मात्र नाखूश होते. जुन्या डब्यावर कोण विश्वास ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, "हे चुकलं तर मी नोकरी सोडतो."

*

मे महिन्यात एक नमुना झाला की मशीन पुढच्यासाठी लवकर गार होईना. मालकांना घाई. त्यांनी केबिनमधला कूलर आणून थेट मशीनसमोर लावला!

दुपारपर्यंत सगळ्याच पावडरी ठरलेल्या आकड्याआधीच वितळायला लागल्या. आमच्या केमिस्ट निखत मॅडमना वाटलं, गेली सरांची नोकरी. सरांनी पावडर बोटांत चोळून पाहिली. कूलरच्या हवेने दमट झाली होती. वाळवून लावली, तर आकडा पुन्हा जागेवर. एवढीशी ओलसुद्धा त्या मशीनने पकडली होती!

मालक कूलर उचलत म्हणाले, "लई इमानदार हाय हे. मालकाची बी चूक दाखवतंय."

*

मग एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. आम्हाला तपासणीचं काम द्यायचं की नाही, ते त्यांच्या हातात. जुनं मशीन पाहून त्यांचं तोंड वाकडं झालं. लेबल नसलेल्या दोन बाटल्या ठेवून त्यांनी विचारलं, आतली पावडर एकच आहे की वेगळी?

दोन्ही पांढऱ्या. दोन्ही एकशे तेहतीसला वितळल्या. "एकच" म्हणायला मालकांनी तोंड उघडलंच होतं. सरांनी हातानेच थांबवलं.

त्यांनी दोन्ही पावडरी थोड्या थोड्या घेऊन एकत्र खलल्या. पावडर एकच असेल तर मिश्रणही एकशे तेहतीसलाच वितळणार, वेगळ्या असतील तर बरंच आधी. मग कडेच्या नळ्यांत एकेक पावडर आणि मधल्या नळीत मिश्रण, अशा तीन नळ्या लावल्या. निखत मॅडम नखं खात होत्या.

जेमतेम शंभर अंश झाले आणि मधली नळी वितळली. दोन्ही बाजूच्या पावडरी तशाच, कोरड्या.

"वेगळ्या आहेत," सर म्हणाले.

साहेब भिंगावर वाकले ते वाकलेच. मान वर न करताच म्हणाले, "काम तुम्हाला दिलं."

"ते राहू द्या साहेब," मालक म्हणाले. "आधी सरका जरा, मला बी बघू द्या."