काचेवरची लाल चिठ्ठी

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, तरी उठतो आणि गॅलरीत येरझाऱ्या घालतो. घरच्यांना आता सवय झाली आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माझी झोप उडवली ती एका साध्या रस्ता अपघाताने. कारण त्या प्रकरणात मी एका माणसाकडून खोटी कबुली घेतली होती, आणि ती खोटी आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. एके दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास चितेगावच्या अलीकडून फोन आला. एका मोठ्या कारने रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या मोपेडला धडक दिली होती. मोपेडवर एक निवृत्त शिक्षक होते. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

कारचा चालक पळाला नव्हता. त्यानेच रिक्षा थांबवून शिक्षकांना आत घातलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा रक्ताने माखलेल्या शर्टानिशी तो कडेला उकिडवा बसला होता. पन्नाशी उलटलेला, मुकुंदवाडीत राहणारा माणूस. चितेगावातल्या एका कारखानदाराकडे सतरा वर्षं चालक. कार मालकाची, चालवणारा हा एकटाच.

मी पंचनामा केला. हवालदाराने चारही बाजूंनी फोटो घेतले. रस्ता सरळ, कोरडा, लख्ख ऊन. डांबरावर ब्रेकचे व्रण नाहीत. रुंदीकरणाचं काम सुरू असल्याने जुने पांढरे पट्टे अर्धवट पुसलेले आणि शेजारी नवे मारलेले, एवढंच काय ते वेगळं. त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. गाडी हळूहळू डावीकडे सरकत गेलेली, ब्रेक नाही, वळण नाही. अशा खुणांचा अर्थ मी आयुष्यभर एकच लावत आलो होतो. चालकाला डुलकी लागली.

त्याच दुपारी शिक्षकांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने एवढंच विचारलं, “कसं झालं?” मी सांगून टाकलं, “चालक झोपला होता, बाई.” तपास सुरू होऊन पुरते चार तास झाले नव्हते.

संध्याकाळी चालकाला समोर बसवलं. तो माझ्याच वयाचा, पण मी त्याला अरे-तुरेच करत होतो. ठाण्यात ती सवय लागते.

“काल झोपलास किती वाजता?”

“साडेबारा झाले आसतील. भाच्याची हळद व्हती.”

“मग डुलकी लागली.”

“नाय साहेब, मी जागा व्हतो. गाडी आपसूक डावीकडं वढली गेली.”

“आपसूक? बैल जुंपलेत का तिला?”

हवालदार हसला. मीही हसलो. या हसण्याची मला आज लाज वाटते.

तासाभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला, मग आणखी एकदा. मारहाण नाही, शिवी नाही, नुसता तोच प्रश्न. चौथ्या वेळी तो आपल्या तळहातांकडे बघत म्हणाला, “लागली आसंल साहेब. नायतर एवढी मोठी गाडी आशी कशी जाईल? झोपच लागली आसंल. माझ्याच हातानं मेला तो माणूस.”

मी ते लिहून घेतलं. त्याने सही केली. खरं तर तिथेच मला खटकायला हवं होतं. चूक करणारा माणूस आधी सबबी सांगतो, हा माणूस मात्र स्वतःच्या विरुद्ध पुरावे शोधत होता. पण कबुली हातात आली की आम्हा पोलिसांना निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मालक ठाण्यात आले. पांढरे कपडे, नम्र बोलणं. मोठ्या शेतकरी घरातला, आता कारखाना चालवणारा माणूस. जामिनाची व्यवस्था त्यांनीच केली. मग हात जोडून म्हणाले, “साहेब, एक विनंती आहे. गाडीत पुढं गणपती हाय आमचा. जप्तीच्या गाडीत देव ऱ्हावा हे बरं नाय दिसत. घरी नेऊ का?”

कायद्याने जप्त गाडीतली टाचणीसुद्धा नोंदीशिवाय हलवता येत नाही. हे मला माहीत होतं, हवालदारालाही माहीत होतं. पण आवारात धूळ खात पडलेल्या गाडीत देव ठेवायचा कसा, हे आम्हा दोघांनाही पटेना. हवालदाराने गाडी उघडून दिली, स्वतः बूट काढून बाजूला उभा राहिला आणि देव हलवताना बघू नये म्हणून मान खाली घातली. मी खिडकीतून पाहत होतो. मालक आत वाकले, दोन मिनिटांनी मूर्ती रुमालात गुंडाळून बाहेर आले. स्टेशन डायरीत याची एक ओळही नाही. देवाची नोंद काय करायची, असं मी स्वतःच म्हणालो होतो.

मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, टायर ठीक. यांत्रिक दोष नाही असा अहवाल आला. आरोपपत्र लिहायला घ्यायचं एवढंच उरलं होतं.

पण चालक दर सोमवारी हजेरीला यायचा आणि दर वेळी आधीपेक्षा वाळलेला दिसायचा. डोळे लाल, गाल बसलेले. एकदा मी विचारलं, “पितोस का रे?”

“नाय साहेब. झोपतच नाय. डोळा लागला की वाटतं आता कुणीतरी मरंल.”

त्याने गाडी चालवणं सोडलं होतं. सायकलसुद्धा हातात धरत नव्हता. मुकुंदवाडीहून ठाण्यापर्यंत बस बदलत यायचा आणि बसमध्येही उभाच राहायचा. हे ऐकून मी अस्वस्थ झालो, पण कागद सरळ होते आणि सरळ कागदापुढे आमची अस्वस्थता टिकत नाही.

त्याच आठवड्यात दुपारी ठाण्याच्या फोनवर एक आवाज आला. नाव सांगणार नाही म्हणाला. मी म्हटलं, नको सांगू, काम सांग.

“साब, पैठण रोडपे वो मास्टरजी गुजर गए ना, उस गाडी का काच मैं बिठाया था. अपघात के चार दिन पहले. पेपर में फोटो देखा तो नींद गई मेरी.”

“काचेचा काय संबंध?”

“वो गाडी में आरसे के पिछे क्यामेरा रहता साब. वो रस्ते के पट्टे देखता और स्टिअरिंग कू खुद घुमाता. काच बदली तो क्यामेरा फिर से सेट करना पडता. हमारे पास वो मशिन नहीं. मैं सेठ कू बोला, कंपनी के वर्कशॉप में दिखाओ. काच पे लाल चिठ्ठी भी लगाया, ‘जुळवणी बाकी’ लिखके. कल को मेरे ऊपरच इल्जाम आना नहीं साब, इसलिए बोल रहा.”

स्वतःच्या भीतीपोटी का होईना, तो खरं बोलत होता. क्रांती चौकामागच्या गल्लीतलं त्याचं दुकान शोधायला आम्हाला अर्धा दिवस लागला. मालकाच्या नावाने फाडलेली पावती त्याच्याकडे होती.

पण मी आधी आवारात धावलो. अक्षरशः धावलो. गाडीच्या काचेवर आरशाजवळ चिठ्ठी नव्हती. बोट फिरवलं तर चौकोनी जागेत चिकट लागलं, त्यावर धूळ बसली होती. हवालदाराला पंचनाम्याच्या वेळचे फोटो उघडायला सांगितले. समोरून घेतलेला फोटो संगणकावर मोठा केला. काचेच्या वरच्या बाजूला, आरशाखाली, लाल चिठ्ठी स्वच्छ दिसत होती. हवालदार माझ्याकडे बघेना. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. देव बाहेर गेला तेव्हा त्याच्यासोबत काय गेलं, हे आम्हा दोघांना त्याच क्षणी कळलं.

मालकांना बोलावलं. या वेळी चहा सांगितला नाही. चिठ्ठीचा फोटो आणि आताच्या रिकाम्या काचेचा फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. 

“मुलीचा साखरपुडा व्हता साहेब,” ते म्हणाले. “वर्कशॉपवाले म्हणाले दिवसभर गाडी सोडावी लागंल. पाहुण्यांना आणायला गाडी लागत व्हती. चालत तर व्हती नीट. म्हटलं नंतर बघू.”

“चालकाने काही सांगितलं नव्हतं?”

“दोनदा म्हणाला, गाडी वढती. मी म्हटलं, नव्या काचेला तुझी नजर बसंना, वय झालं तुझं.”

“आणि चिठ्ठी?”

“घाबरलो. पण त्याचा जामीन मीच केला ना साहेब? वकील दिला. आजून काय करावं मी?”

मला एवढा संताप आला की उठून बाहेर जावं लागलं. जामीन, वकील, सगळं दिलं होतं. फक्त खरं काय ते दिलं नव्हतं.

न्यायालयाच्या परवानगीने कंपनीच्या वर्कशॉपमधून एक अनुभवी तंत्रज्ञ आला. त्याने लॅपटॉप जोडला. मी शाळकरी मुलासारखा शेजारी उभा राहून प्रश्न विचारत होतो, आणि ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी ही उत्तरं लक्षात ठेवावीत म्हणून इथे लिहितो. काच बदलली, कॅमेरा काढून परत लावला, पुढून धक्का बसला, की ही जुळवणी करावीच लागते. कॅमेरा केसभर जरी तिरपा बसला तरी पुढे पन्नास-साठ मीटरवर त्याला पट्टा भलत्याच जागी दिसतो. मग स्टिअरिंग हलकेच एका बाजूला ओढतं, समोर काही नसताना गाडी ब्रेक मारते किंवा इशाऱ्याचा आवाज उशिरा येतो. कधी पिवळा दिवा लागतो, पण कधी लागतही नाही, म्हणून दिव्याच्या भरवशावर राहू नये. आपल्या चालकाला तो दिवा दिसला होता, हे त्याने नंतर सांगितलं. त्याने टायरची हवा कमी असेल म्हणून हवा भरून घेतली होती.

“आणि ब्रेकचे व्रण?” मी विचारलं.

“नव्या गाड्यांची चाकं जाम होत नाहीत साहेब. जोरात ब्रेक मारला तरी पूर्वीसारखे व्रण उमटत नाहीत.”

मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. गाडीने धडकेआधीच्या काही क्षणांची नोंद स्वतःपाशी ठेवली होती. जुन्या-नव्या पट्ट्यांच्या त्या तुकड्यावर स्टिअरिंग डावीकडे वळवलं होतं ते गाडीने. त्याच क्षणी कुणीतरी ते उजवीकडे खेचत होतं, पूर्ण ताकदीने, पण अंतरच उरलं नव्हतं. आणि शेवटी ब्रेकही दाबला होता.  झोपलेला माणूस असा झगडत नाही.

मी चालकाला बोलावून घेतलं, हजेरीचा वार नसताना. खुर्ची दिली. तो बसायला तयार नव्हता. सगळं समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. 

“म्हंजी मी जागा व्हतो?” त्याने विचारलं.

“हो. तुम्ही जागे होता.” त्या दिवशी माझ्या तोंडून पहिल्यांदा ‘तुम्ही’ निघालं.

तो हसला नाही की रडला नाही. “चार दिवस वढत व्हती साहेब. तिसऱ्यांदा बोललो आसतो तर मालक म्हणले आसते डोळे गेले याचे. या वयात डायवरचे डोळे गेले म्हणलं की संपलं. म्हणून गप बसलो. तेवढी चूक माझ्याकडं हायच.” मग म्हणाला, “पण मास्तरांच्या घरी जायचंय. त्यांना वाटतंय मी झोपेत मारलं.”

तसं वाटायला लावणारा मीच होतो. म्हणून मीही निघालो.

चिठ्ठी काढल्याबद्दल मालकावर वेगळा गुन्हा दाखल झाला. नोंद न करता गाडी उघडून दिल्याचा अहवाल मी स्वतः वरिष्ठांना दिला, त्याचा ठपका माझ्या सेवापुस्तकात आहे आणि तो रास्त आहे. खटला अजून सुरू आहे, त्याबद्दल जास्त लिहिणं बरं नाही. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की नाकबूल करणाऱ्याचं म्हणणं आपण दहा ठिकाणी तपासतो, कबूल करणाऱ्याचं तेवढंच तपासलं पाहिजे. थकलेला माणूस समोरच्याला हवं ते स्वतःबद्दल खरं मानतो. आणि यंत्र नवं आलं की आपला जुना अनुभव आपल्याच डोळ्यांवर पट्टी बांधतो, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

शिक्षकांच्या घरी चालक उंबऱ्याबाहेरच थांबला. मी त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. काच, कॅमेरा, पट्टे, स्टिअरिंगवरची ती ओढाताण. हेही सांगितलं की त्या दिवशी मी जे बोललो ते चौकशी न करता बोललो, त्याची माफी मागतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चालकाला आत बोलावलं, बसायला सतरंजी टाकली. मग माझ्याकडे वळून विचारलं,

“त्या दिवशीसुद्धा तुम्ही असंच ठामपणे सांगितलं होतं, साहेब. आत्ताचं तरी खरं समजू ना?”

मी हो म्हणालो. पस्तीस वर्षांत कुणाला काही पटवून देताना माझा आवाज इतका बारीक झाला नव्हता.