बिनआवाजाची गाडी आणि चोळी-बांगडीचं खाचर

"अरे, आधी गाडी चालू तर कर, मग सांग काय सांगायचं ते," असं मी मेहुण्याला अगदी वडीलकीच्या सुरात म्हणालो. मागच्या सीटवर मी पट्ट्याचं टोक शोधण्यात गुंतलो होतो. पुढे बसलेली माझी बायको मागे वळूनही न बघता हसली आणि मेहुणा आरशातून म्हणाला, "भावजी, पिठाची गिरणी गेली मागं. आपण कवाचे निघालोय."

बाहेर पाहिलं तर खरंच भिसेगाव संपत आलं होतं. घरघर नाही, हिसका नाही. ही गाडी म्हणे बॅटरीवर निघते आणि पेट्रोलचं इंजिन नंतर कधीतरी, कुणाला न कळवता, कामाला लागतं. आमच्या कारखान्यात साहेब असेच येतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण सगळा रस्ताभर मेहुणा दर वळणावर "भावजी, चालू हाय बरं का," असं सांगत राहिला.

गाडी आमच्याकडेही आहे. तिच्यात टेपच्या जागी चौकोनी भोक आहे आणि त्यात बायको सुपारीची डबी ठेवते. ती सुरू केली की आम्ही निघालो हे अर्ध्या आळीला कळतं, आणि निघू शकलो नाही हेही कळतं. मेहुण्याच्या गाडीवर माझा पहिल्या दिवसापासून राग आहे. हेवा म्हणाल तर तोही असेल, मी काही संत नाही. पण रागाचं कारण वेगळं आहे. कडावजवळच्या वडिलोपार्जित जमिनीतला रस्त्यालगतचा तुकडा त्याने फार्महाउसवाल्यांना विकला आणि त्यातून ही गाडी आली. ज्या मातीत उभं राहून त्याचा बाप भात लावायचा, तिची आता सीट झाली होती आणि ती सीट बुडाला गार वारा घालत होती.

त्याच्या हिश्श्याचं त्याने काय करावं हा त्याचा प्रश्न. पण मागच्या बाजूचा तुकडा विकायचा तर तिथे जायला वाट नव्हती. मधे माझ्या बायकोचं खाचर होतं. तिच्या वडिलांनी, आबांनी, जाण्याआधी चोळी-बांगडीसाठी म्हणून लेकीला दिलेलं, सतरंजीएवढं म्हणावं इतकं लहान. आमच्या वर्षाच्या भातापैकी निम्मा त्यातून येतो आणि उरलेला दुकानातून. पण पाहुण्यांना वाढताना बायको कुठला भात कुठला ते बरोबर सांगते. मेहुण्याला त्या खाचराच्या बांधावरून मुरूम टाकून रस्ता हवा होता. मुरूम पडला की निम्मं खाचर जाणार आणि उरलेल्यात पाणी धरणार नाही, हे तिला माहीत होतं. गणपतीत त्याने विषय काढला तेव्हा ती मोदक वळत होती. "नाय," एवढंच म्हणाली होती आणि मोदकाचं तोंड मिटवलं होतं.

म्हणून त्या रविवारी तो न सांगता गाडी घेऊन दारात उभा. "चल ताई, भात कसं आलंय बघून येऊ." मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून मागे बसलो.

"ताई, डोळे मिट आन् ऐक," तो म्हणाला. "वीस-बावीस स्पीकर हायेत. छपरात, डोक्यामागं, सीटमधी बी."

गाणं सुरू झालं. गाणारी बाई दोन ओळींच्या मधे श्वास घ्यायची तोही ऐकू येत होता, जणू ती माझ्याच मांडीवर बसून गात होती. मी संकोचून जरा सरकलो. ठेका वाढला तशी सीट माझ्या कंबरेत ढोसू लागली. कंबरेच्या ज्या मणक्याला डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, नेमका त्यावरच तबलजी बसला होता.

"बाहेरचा आवाज आत नाय येत, बघितलं? गाडी उलटा आवाज सोडते नि तो मारून टाकते."

बायकोने डोळे मिटले नव्हते. रस्त्याकडेचा ओढा तुडुंब वाहत होता. दिसत होता, ऐकू येत नव्हता.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पन पाऊस आला तर आत कळतं का रं?"

"वायपर आपोआप लागतात ना!"

"मंग माणसाला कवा कळनार?"

त्याने आवाज आणखी वाढवला.

खाचरापाशी आम्ही दोघं उतरलो. म्हणजे बायको उतरली. मला दाराची कडी सापडेना, कारण ती दारातच मुरलेली असते. मेहुण्याने आतून कुठलंसं बटण दाबून मला सोडवलं. भात पोटरीत आलं होतं, कणीस बाहेर पडायच्या बेतात. या दिवसांत घोट्याएवढं पाणी उभं लागतं, नाहीतर दाणा पोकळ राहतो. बायकोने चपला काढून हातात घेतल्या. पावसाळ्यात त्या बांधावर चपला घालूनसुद्धा कुणी जात नाही.

मेहुणा मात्र उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "ताई, तुला वाटतं रस्ता केला की बांध मोडंल. आता बघ. चिखलाचा मोड लावलाय. ज्या चाकाला जोर पायजे त्यालाच जाणार. गवत बी नाय दबणार."

"नको रं," ती म्हणाली. तोवर काच वर गेली होती.

खोटं कशाला बोलू, गाडी गेली. बांध बैलगाडीपुरता रुंद, पण ती मांजरीसारखी पाऊल टाकत निम्म्यापर्यंत गेली. माझ्या मनात आलं, आता हा जिंकला. पण मधे वरच्या खाचरातून पाणी सोडायचा पाइप होता. तिथे ती थांबली आणि मागे येण्याचा पांढरा दिवा लागला.

आता आमच्या भागात एक रीत आहे. कुणाचीही गाडी मागे येऊ लागली की जो जवळ उभा असेल त्याने, नेमणूक न होता, तिच्या मागे जाऊन हात हलवायचा. भांडण असलेल्या माणसाची गाडी असली तरी. लग्नात, यात्रेत, विटांच्या टेंपोमागे मी आयुष्यभर हे केलंय. मी धावलो. "येऊ दे, येऊ दे... जरा डावी मार... येऊ दे!"

पण या गाडीची मागची चाकंही वळतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो आरशात माझा हात बघत होता. मी टेंपोच्या हिशेबाने डावी दाखवली आणि तिचा पार्श्वभाग उजवीकडे सरकला. "थांब! अरे थांब!" मी ओरडलो, काचेवर थाप मारायला पुढे झालो. आत ती बाई श्वास घेऊन पुढची ओळ गात असणार. बांधाची कड बसली, मागचं चाक खाचरात उतरलं. मग गाडीने अक्कल चालवली, जोर हव्या त्या चाकाला दिला, मला नखशिखांत चिखलाने माखलं आणि झटक्यात रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

काच खाली आली. आधी गाणं बाहेर आलं, मग मेहुण्याचं डोकं. "बघितलं ताई? निघाली ना!"

ताई तिथे नव्हती. जिथे चाक उतरलं तिथे खांड पडून पाणी धो धो खालच्या ओढ्याकडे चाललं होतं, आणि ती गुडघाभर चिखलात बसून दोन्ही हातांनी गोळे लावत होती. लावलेला गोळा पाणी लगेच घेऊन जात होतं.

"उतर," ती म्हणाली.

"ताई, उद्या जेसीबी पाठवतो. तासाभरात पक्का बांध. मुरूम बी पडंल त्याच्यावर..."

"उद्यापतूर पानी थांबंल का? ज्याच्या पायानं खांड पडली त्यानं बुजवायची. आबांनी तुला बी शिकवलंय. उतर."

त्याने दार उघडलं आणि आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "भावजी हायेत ना. तसं बी भरलेलेच हायेत."

बायको उठली, चिखलाच्या पायांनी रस्त्यावर आली आणि त्याने उघड्या ठेवलेल्या दारातून पायाखालची मॅट ओढली. मग मागची. चांगली जाड, काठाला शिवण घातलेली, कंपनीचं चिन्ह असलेली.

"ताई, अगं ती... ती वेगळी नाय मिळत!"

"बरी जाड हायेत," ती म्हणाली.

तिने त्या खांडीत उभ्या रोवल्या, मी मागून दगड आणि माती लोटली. पाणी आधी थबकलं, मग मुकाट माघारी फिरलं. मॅटा अजून तिथेच आहेत. चिन्ह ओढ्याच्या बाजूला आहे.

"एवढ्याशा बांधासाठी सख्ख्या भावाचा..." मेहुणा म्हणाला.

"एवढासाच हाय," ती म्हणाली. "म्हनून रस्त्याचं परत माज्या दारात बोलायचं नाय. आबांच्या फोटूसमोर बी नाय."

तो गेला. माणूस रागाने निघून गेला की निदान गाडी तरी गुरगुरायला हवी, पहिल्या गिअरमध्ये चार शिव्या हासडायला हव्यात. ही मुकी गेली. त्याला किती राग आलाय हे आम्हाला कळलंच नाही. आणि आमचा त्याला कळायचा तर बावीस स्पीकरांना बाजूला सारून जावं लागलं असतं.

आम्ही टमटमने परतलो. ड्रायव्हरने आमचा अवतार बघून सीटवर पोतं अंथरलं आणि ते पुढे ओढून पुन्हा नीट केलं. टमटमच्या आवाजात बोलणं अशक्य होतं, त्यामुळे मला बरं वाटत होतं. मी मनातल्या मनात मेहुण्याला बरंच काही सुनावत होतो आणि जिंकतही होतो.

घरी मोरीत पाय धुताना बायको शांतपणे म्हणाली, "त्याचं सोडा. त्याला काचंआड काय बी ऐकू येत नव्हतं. पन तुमाला ठाऊक होतं ना बांध कुनाचा ते? मंग मागं उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' कुनाला म्हनत होता?"