आण्णांच्या भोपळ्याची एकतारी

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या पंच्याहत्तरीला मी स्वतःच्या हातांनी बनवलेली एक वस्तू भेट दिली. ती वस्तू त्यांचीच होती.

सासरे म्हणजे आण्णा. लातूरकडच्या मुरुडजवळ त्यांचे शेत आहे, शेतात विहीर आहे, आणि विहिरीला दिवाळीनंतरही दोन पुरुष खोल पाणी असते. (आमच्या भागात ही मालमत्ता सोन्यापेक्षा वरची मानतात.) मी नांदेडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. इतरांनी न वाचलेली पुस्तके सांभाळणे हे माझे काम. त्यातली काही मी वाचतो, त्यामुळे मला प्रत्येक विषयातले थोडेफार कळते आणि हाताने काहीही करता येत नाही.

पंच्याहत्तरीचा घाट घातला होता माझा मेव्हणा बालाजीने. एके दिवशी त्याने फोन करून बेत ऐकवला. वीस फुटी बॅनर, फुलांची कमान, लातूरहून सूत्रसंचालक, आणि गावातल्या प्रत्येक मंडळाची एकेक शाल.

"बालाजी," मी म्हणालो, "एवढ्या शाली कशाला? आण्णांना थंडी वाजते का?"

"मग दाजी, तुमी काय देणार ते सांगा की!"

फोन स्पीकरवर होता. मागून वहिनी, मावशा, मामा अशा पाचपंचवीस माणसांच्या श्वासांचा आवाज येत होता. अशा वेळी माणसाने 'बघू' म्हणावे. मी म्हणालो, "मी एकतारी देणार. विकतची नाही. स्वतः बनवून!"

आण्णा तरुणपणी भजनात एकतारी वाजवायचे. ती कधीच वाळवीने खाल्ली होती. तेव्हा कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही सांगतो. फोन ठेवल्यावर माझी बायको वंदना माझ्याकडे वळली.

"तुम्ही बनवणार?"

"का? त्यात काय आहे? एक भोपळा, एक कातडे, एक काठी, एक तार."

"मागच्या वर्षी तुम्ही भिंतीत खिळा ठोकला होता," ती म्हणाली. "घड्याळ अजून कपाटावर झोपलेलं आहे."

मी मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यातला माणूस अकरा मिनिटांत एकतारी बनवतो. (त्यातली दोन मिनिटे तो 'चॅनेल सबस्क्राइब करा' म्हणण्यात घालवतो, म्हणजे नऊच.) विष्णुपुरीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून मी गरगरीत कडू भोपळा आणला आणि गच्चीवर वाळत ठेवला. भोपळा सावकाश, महिनोन्‌महिने वाळवायचा असतो, हे व्हिडिओत सांगितले नव्हते. आठव्या दिवशी तो वाळायचा सोडून कुजला. दहाव्या दिवशी फुटला. कठड्यावर ठेवला असल्यामुळे गच्चीवर फुटला नाही, तर खालच्या काकूंच्या चादरींवर फुटला!

"सर, हे काय करून राहिलात तुम्ही?" काकूंनी अंगणातून ओरडून विचारले.

"वाद्य," मी म्हणालो.

त्यानंतर काकूंनी त्यांची दोरी घराच्या पलीकडच्या बाजूला बांधली.

कार्यक्रमाला महिना उरला होता आणि माझ्याकडे भोपळा नव्हता. त्याच रविवारी बेत ठरवायला आम्ही मुरुडला गेलो. बालाजी बॅनरवाल्याशी फोनवर भांडत होता, म्हणून मी सहज गोठ्यात डोकावलो. आणि तिथे, आढ्याच्या खुंटीला, साक्षात भोपळा! काळाकुट्ट, दगडासारखा टणक, टिचकी मारली की ठण्ण वाजणारा. मानेला जाड दोरी बांधलेली. बुडाशी रांगेने बारीक बारीक खाचा.

मी संशोधकाच्या शिस्तीने विचार केला. दोरी कशासाठी? टांगण्यासाठी. खाचा कशाच्या? उंदरांच्या. भोपळा कोणाचा? कोणाचाच नाही, नाहीतर इतकी धूळ कशी बसली असती?

"बालाजी, गोठ्यातला भोपळा कोणाला लागतो का रे?"

त्याने फोनवर हात न ठेवताच सांगितले, "घेऊन जा!" (ते बॅनरवाल्याला होते, जुन्या बॅनरबद्दल. हे मला फार उशिरा कळले.) भेट आण्णांपासून गुपित राहावी म्हणून मी भोपळा पोत्यात घालून गाडीच्या डिकीत ठेवला.

कातड्यासाठी नांदेडच्या इतवारा बाजारातल्या एका ढोलकीवाल्याकडे गेलो. त्याने माझे हात बघितले आणि तो हळहळला. "साब, बनी-बनाई ले जाओ ना. कायकू परेशान होरे?"

मी कातडेच घेतले. ते रात्रभर भिजवावे लागते. मी न्हाणीघरातल्या बादलीत भिजवले आणि सांगायला विसरलो. सकाळी वंदनाची किंकाळी खालच्या काकूंनी घराच्या पलीकडच्या बाजूलाही ऐकली.

तीन आठवडे मी अडगळीच्या खोलीत दार लावून काम केले. दोरी कापून फेकली. करवतीने भोपळ्याचे तोंड कापले. काजळी घासून काढली, पॉलिश केले, कातडे चढवून कडेने लोखंडी चुका मारल्या, बांबू आरपार घातला, खुंटी बसवली, तार ओढली. उंदरांच्या खाचा तेवढ्या दिसायला वाईट होत्या. त्यांच्यावर वंदनाच्या जुन्या साडीची जरीची पट्टी चिकटवली. शेवटी मी एकतारी मांडीवर घेतली आणि वंदनाला व आमच्या नऊ वर्षांच्या मुक्ताला बोलावले.

"छान दिसतेय," वंदना म्हणाली. तिच्या आवाजात इतके आश्चर्य होते, की मला राग यायला हवा होता.

तेवढ्यात आण्णांचा फोन आला. वंदनाने स्पीकर लावला.

"वंदे, गोठ्यातला भोपळा कोणी नेला की गं!"

"कोणता भोपळा, आण्णा?"

"कोणता म्हंजे? पवायचा! तू त्याच्यावरच शिकलीस न्हाई का? बत्तीस लेकरं शिकली त्याच्यावर. एकटी मुक्ती राहिली. त्या बालाजीच्या कार्यक्रमाचं मला काय बी न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी तेवढं मुक्तीला इहिरीत उतरवायचं, त्याच भोपळ्यावर. मग मी मोकळा."

"दुसरा आणू की, आण्णा."

"दुसऱ्याला काय करू? ह्यो बापानं माझ्या पाठीला बांधला व्हता."

माझा हात नकळत तारेला लागला. टँव!

"काय वाजलं गं?"

"कुकर, आण्णा," मी ओरडलो.

"लई बेकार वाजतोय. दाखवून घ्या कोणाला तरी."

फोन बंद झाला. वंदनाने एकतारी माझ्या मांडीवरून उचलली.

"हा भोपळा कुठला?"

"विष्णुपुरीचा."

"विष्णुपुरीचा चादरींवर फुटला." तिने जरीच्या पट्टीचे एक टोक नखाने उचलले, खाली बघितले आणि पट्टी हलकेच पुन्हा दाबून बसवली. तिने भोपळा ओळखला, हे मला तेवढ्यावरून कळले. "आत्ता फोन करा आणि सांगा."

"सांगतो. समोरासमोर सांगितलेले बरे."

"बाबा घाबरले," मुक्ता म्हणाली.

मी घाबरलो नव्हतो. मी योग्य वेळ शोधत होतो. पण योग्य वेळ काही सापडेना, आणि तिकडे बालाजीने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली: 'हरवला आहे. जुना भोपळा. आणून देणाऱ्याचा कार्यक्रमात सत्कार होईल.' त्याखाली मी हात जोडल्याचे चित्र टाकले. काहीच न टाकणे संशयास्पद दिसले असते!

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही मुरुडला पोचलो, तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यात भोपळ्यांचा ढीग लागला होता. सत्काराच्या आशेने पंचक्रोशीतून अकरा भोपळे आले होते. आण्णा नवे धोतर नेसून प्रत्येकाच्या बुडावरून अंगठा फिरवत होते आणि बाजूला ठेवत होते. "न्हाई. ह्यो बी न्हाई."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "आण्णा, एक सांगायचं होतं."

त्यांनी वर बघितले. डोळ्यांत पाणी होते. "पाव्हणं, पोरगी लांबून आलीय पवायला. तिला काय सांगू?"

माझ्याने सांगवेना. "थंडी जास्त आहे का, तेच विचारत होतो," मी म्हणालो. लगेच कोणीतरी आण्णांच्या खांद्यावर आणखी एक शाल टाकली.

मग सूत्रसंचालकाने माईक घेतला. "आणि आता, ज्ञानाच्या मंदिरातील एक निस्सीम उपासक, ज्यांनी निसर्गाच्या कुशीतून स्वतः शोधून आणलेल्या दुर्मिळ भोपळ्याच्या तुंब्यातून, रात्रंदिवस तपश्चर्या करून हे नादब्रह्म साकारले..."

लोक एकमेकांकडे बघू लागले. थाटामाटावर तोंडसुख घेणाऱ्या मला हे ऐकणे असह्य झाले. विशेषतः हा मजकूर महिन्यापूर्वी मीच लिहून दिला होता म्हणून.

आण्णांनी एकतारी हातात घेतली. कौतुकाने फिरवून बघितली. सवयीने त्यांचा अंगठा बुडाकडे गेला. जरीवर थांबला. मागे आला. पुन्हा थांबला. मग त्यांनी भर मांडवात, शांतपणे, पट्टी टर्रकन ओढून काढली.

तीन-चारशे माणसे. एकाच्याही हातातला पेढा तोंडापर्यंत गेला नाही.

"बालाजी," आण्णा माईकजवळ सरकून म्हणाले, "त्यो शोध थांबीव."

हशा असा उसळला की कमान हलली. मी स्टेजच्या मागच्या बाजूला जायला निघालो, तर वंदनाने माझ्या शर्टाचे टोक धरून ठेवले होते.

"ह्यो भोपळा न्हाई," आण्णा सांगू लागले. "ही माझी हजेरी हाय. जे लेकरू पवायला शिकलं, त्याची एक खाच. ही बालाजीची. ही वंदीची. आन् ही आडवी कोणाची, सांगा बरं?"

"दाजीची!" मागून बायकांचा आवाज आला.

"बरोबर. पहिल्या दिवाळसणाला जावयाला उतरवलं. दोनदा खाली गेले, म्हनून आडवी मारली."

मला तो दिवाळसण आठवत होता. नाकातले पाणी आठवत होते, वरून बघणाऱ्या मेव्हण्या आठवत होत्या. पाठीला काय बांधले होते, तेवढेच आठवत नव्हते! बत्तीस जणांत एकट्या मला तो भोपळा ओळखता आला नाही, आणि करवत नेमकी माझ्याच हातात आली.

आण्णांनी तार छेडली. टँव!

"वंदे," ते म्हणाले, "ह्योच का गं कुकर?"

त्यानंतर जे काही सत्कार झाले, ते कोणी ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे घर विहिरीवर जमले. मी जाताना गाडीतून तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घेतला होता. हल्ली पोरे त्यावरच शिकतात.

"ठिवा तिकडं," आण्णा म्हणाले. त्यांनी एकतारीचा बांबू ओढून काढला, तार सोडली, मेणबत्ती वितळवून दोन्ही भोके बुजवली आणि भोपळ्याला नवी दोरी बांधली.

"आण्णा, कातडे पाण्यात ढिले पडेल," मी माझे नवे ज्ञान सांगितले. "पाणी आत शिरेल."

"शिरू द्या की. पाच मिनिटं निभंल. जलमभर बांधून हिंडायचं हाय का तिला?"

मुक्ता उतरली. एका बाजूला आण्णा, दुसऱ्या बाजूला बालाजी, दोघेही हाताच्या अंतरावर. पोरीने हातपाय असे झाडले की पायऱ्यांवर बसलेला मी भिजलो.

"मार हात! लांब मार! हाव, असंच!"

ती एक फेरी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीला भोपळा तिच्या पाठीवर तिरपा झाला, बुडबुडे सोडू लागला. माझ्या चुका आणि माझे कातडे, दोन्ही एकदम सुटले. आण्णांनी पाण्याखाली हात घालून गाठ सोडली, आणि भोपळा हळूच खाली जाऊ लागला. मुक्ताला पत्ताच नव्हता. ती आपली हात मारत होती.

"आण्णा, भोपळा घट्ट धरलाय ना?"

"धरलाय, धरलाय! तू मार हात!"

चौथी फेरी संपल्यावर तिने पायरी धरली आणि पाठ चाचपली. काहीच नव्हते. मग तिने जी आरोळी ठोकली, ती मुरुडच्या बाजारात ऐकू गेली असेल. आण्णा पाण्यातच उभ्याने पोहत हसत होते. वंदना डोळे पुसत होती. मला वाटले, वाद्य वाईट बनवण्याचेही काही फायदे असतात, आणि असे पहिल्यांदाच वाटल्यामुळे मी जरा ताठ बसलो.

तेवढ्यात आण्णांना आठवले. "आरं, तेहतिसावी खाच मारायची राहिली की! काढा कोणीतरी त्याला वर."

बालाजीने पायरीवर बसलेल्या माझ्याकडे बघितले. मग सगळ्यांनीच बघितले.

"दाजी, वाद्य तुमचं. मारा उडी!"

मी मारलीही असती. पण पाण्यात उतरायचे म्हटले की मला पाठीला तो भोपळा लागतो, आणि भोपळा तर तळाशी होता.