सात आठवड्यांची ब्रँच

काकूंनी बारा वर्षांनी पुन्हा प्रोग्रामिंगची नोकरी धरली, तेव्हा नणंदेने तोंड वाकडं केलं. "वहिनी, तुमचं ते ज्ञान आता शिळं झालं हो!" सासूबाईंचं आजारपण आणि मुलीची शाळा निभावताना काकूंनी असली बरीच वाक्यं गिळली होती, हेही गिळलं. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. रुग्णालयांतल्या ऑपरेशनांचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर होतं ते. एक ऑपरेशन लांबलं की बाकीची कशी सरकवायची, हा भाग काकूंच्या वाट्याला आला. मुदतीत जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर राम राम.

तिथे चाळीस माणसं एकाच कोडवर काम करत. सगळ्यांचा मिळून एक 'मेन'. ज्याने त्याने त्याची प्रत काढून आपली ब्रँच करायची आणि केलेलं काम, कितीही चिमूटभर असो, संध्याकाळी घरी जाण्याआधी मेनमध्ये मिसळायचं. हा नियम मुकादमाचा. टीमच्या प्रमुखाला सगळे मुकादमच म्हणत. काकूंहून पंधरा वर्षांनी लहान, पण आवाज असा की माणूस मुकाट कामाला लागावा.

काकूंना हा नियम म्हणजे अंगणात बसून आंघोळ केल्यासारखा वाटे. अर्धवट काम त्या काल-परवाच्या पोरांना दाखवायचं? छे! पहिले काही आठवडे शिकण्यात गेले. मग त्यांनी आपली ब्रँच काढली आणि गुपचूप तिच्यातच राहिल्या. संध्याकाळी मेनमध्ये काहीतरी टाकायला हवं, म्हणून कोडमधल्या टिपांची स्पेलिंगं दुरुस्त करून तेवढीच मिसळत. नियमही पाळला आणि झाकली मूठही राहिली. शहाणी माणसं वेडेपणासुद्धा किती नीटनेटका करतात!

सात आठवडे असेच गेले. मुदतीचे पाच दिवस उरले, तेव्हा त्या सोमवारी सकाळी त्यांनी ब्रँच मेनला जोडायला घेतली. स्क्रीनवर आकडा आला: दोनशे बारा ठिकाणी भांडण. ज्या ओळींवर काकूंनी आपलं काम रचलं होतं, त्याच ओळी मधल्या काळात इतरांनी बदलल्या होत्या. दुपारपर्यंत झुंजून त्या मुकादमाकडे गेल्या आणि सगळं कबूल करून टाकलं.

"तरीच! रोज नुसती स्पेलिंगं," मुकादम म्हणाला. "मी आधीच विचारायला हवं होतं, चुकलं माझं. आता ती ब्रँच मोडीत काढा."

"अहो, सात आठवडे घातलेत मी!"

"कोड मोडीत काढा म्हणतोय. डोक्यातलं कुठे जातंय? आजच्या मेनवरून नवी ब्रँच घ्या. पहिला तुकडा संध्याकाळी मेनमध्ये दिसू दे."

अगदी जिवावर आलं. पण संध्याकाळी वीस ओळी गेल्या. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने त्या वाचल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काकू, यात एकच डॉक्टर एका वेळी दोन ठिकाणी ऑपरेशन करतोय!"

काकूंचे कान तापले. पण पोरगी बरोबर होती. "ओढ खुर्ची इकडे," काकू म्हणाल्या. एकटीला आठवडाभर छळलं असतं ते दोघींनी अर्ध्या तासात निस्तरलं. बुधवारी काकूंनी आपलं कोड तपासायला लिहिलेल्या चाचणीने मेनमधली एक जुनी चूक पकडली. ती निघाली चष्मेवालीची. त्या दिवशी कान तिचे तापले, आणि काकूंना, खोटं कशाला बोला, जाम बरं वाटलं.

शुक्रवारी एकच तुकडा उरला: मध्येच तातडीचं ऑपरेशन आलं तर काय करायचं? काकूंना ते सुटेना. बाकीचं चालत होतं. गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. त्यांनी तो तुकडा प्रत्यक्षात चालणार नाही असा बंद ठेवून मेनमध्ये टाकला आणि खाली लिहिलं, "हे अर्धं आहे. पुढे मला सुचत नाही. कोणीतरी बघा." मुदतीच्या शेवटच्या दिवशी आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने त्यांच्या खुर्चीभोवती तिघं-चौघं हमरीतुमरीवर आले होते, पण त्या तातडीच्या ऑपरेशनवरून. अर्धं का राहिलं, हे कोणी विचारलंच नाही. मुकादमाने मागून डोकावून पाहिलं.

"काकू, सोमवारी हेच पुढे घ्या."

"सोमवारी?"

"मग? अर्धं काम आमच्या गळ्यात टाकून पळणार होतात की काय?"

काकूंचे डोळे भरून आले. चारचौघांत आले, आणि त्यांनी तोंड फिरवलं नाही.