निरोपाचा व्यायाम

रिझवी साहेब पुन्हा ‘जी, ज़रूर’ म्हणाले आणि पाय जागचा हलवला नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. आता हवं होतं वेट बेअरिंग, म्हणजे त्या पायावर शरीराचा भार टाकून उभं राहणं. त्याची त्यांना भीती वाटायची, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी नगरची. आमच्याकडे पेशंट सरळ सांगतो, ‘बाई, दुखतंय, उद्या बघू.’ मग भांडता तरी येतं. इथे मी आवाज चढवला की साहेब माफी मागायचे आणि चहा मागवायचे.

मी फिजिओथेरपिस्ट. चर्चच्या मिशनने मला लखनऊला पाठवलंय. माझ्या आईच्या लेखी हा परदेशच. सकाळी प्रार्थना, मग स्कूटरवरून अलीगंज, महानगर अशा वस्त्यांत घरोघरी व्हिजिट. धर्माबद्दल कोणी विचारलंच तर सांगते. एरवी गुडघे आणि खांदे बघते.

साहेबांचा मुलगा बंगलोरला होता. अब्बा स्वतःच्या पायांनी चालत नसतील तर हे घर बंद करून दोघांना घेऊन जायचं, असं त्याने ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात तो येणार होता. साहेबांनी आयुष्य या घरात काढलेलं. बेगम साहेबा स्वयंपाकघरात डोळे पुसायच्या आणि मला बिस्किटं वाढायच्या. तिकडे आमचे इन्चार्ज थॉमस सर म्हणाले, प्रोग्रेस नसेल तर केस बंद कर, वेटिंगवर बरेच पेशंट आहेत. मला रडू यायचं बाकी होतं.

त्या दिवशी वैतागून मी पिशवी उचलली. साहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, “मुआफ़ कीजिए, आपको दरवाज़े तक छोड़ने नहीं आ सकते.” हे वाक्य मी रोज ऐकत होते. त्या दिवशी मात्र माझी नजर त्यांच्या पायाकडे होती. बोलताना ते उठू पाहत होते आणि मांडीचा स्नायू चक्क ताठ झाला होता.

मी वॉकर त्यांच्यासमोर ठेवला आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

“आप आइए छोड़ने. मैं रुकी हूँ.”

साहेब गोंधळले. पाहुणी दारात ताटकळतेय हे काही त्यांना बघवेना. दोन्ही हातांनी वॉकर धरून ते उठले. पाय थरथरत होते, पण भार दोन्ही पायांवर होता. मी खाली बघत राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी आल्या आल्या निरोप घ्यायला लागले. ‘अच्छा, चलती हूँ’ म्हणायचं, ते उठायचे, मला दारापर्यंत सोडायचे, मी परत आत यायचे. पुन्हा निरोप. बेगम साहेबांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. निरोप आधी बैठकीपर्यंत गेला, मग व्हरांड्यापर्यंत.

मुलगा आला तेव्हा सामान बांधायची माणसं ठरवूनच आला होता. मी त्याच्यासमोर पिशवी उचलली. साहेब वॉकर घेऊन उठले आणि माझ्यामागून थेट फाटकापर्यंत आले.

“अब्बा, आप कहाँ चल दिए?”

“मेहमान को छोड़ने,” साहेब म्हणाले. जणू रोजचंच काम.

मुलाने तिथूनच फोन करून ती माणसं रद्द केली. मी स्कूटरवर बसून मोठ्याने गात क्वार्टरवर गेले. रस्त्यातल्यांनी वळून पाहिलं, पाहू देत.

थॉमस सरांनी विचारलं, कोणता एक्सरसाइज दिलास? मी म्हटलं, मी रोज निघून जात होते. त्यांनी ते रिपोर्टमध्ये लिहू दिलं नाही.

आता नव्या पेशंटकडे मी आधी एवढंच बघते, हा माणूस कशासाठी उठेल. स्नायू नंतर तपासते.